संगणकातील दुसरे बिऱ्हाड

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्ट कंपनीने आपल्या विंडोज १० या कार्यप्रणालीची नेहमीची देखभाल थांबविली. तेव्हापासून आमच्याकडे येणाऱ्या मंडळींचा एक प्रश्न ठरून गेला आहे. "लॅपटॉप तर चांगला चालतो आहे. मग आता तो मोडीत काढावयाचा की काय?" विचारणारे कधी निवृत्त शिक्षक असतात, कधी छोटे व्यापारी, कधी मुलाने परगावी जाताना मागे ठेवलेले यंत्र वापरणारी आई. यंत्र बहुधा २०१५-१६ सालचे असते. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि साधारणपणे २०१७ च्या उत्तरार्धापासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे ही यंत्रे त्या पंक्तीत बसत नाहीत. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत एक वर्षाची जादा मुदत देण्यात आली खरी. पण मुदत वाढली म्हणून प्रश्न सुटला असे होत नाही.

आमचे उत्तर असे की, यंत्र मोडीत काढू नये आणि घाईने विंडोजही काढून टाकू नये. तिच्याशेजारी दुसरी कार्यप्रणाली आणून बसवावी. आता ती कोणती, हा पुढचा प्रश्न. तो विचारला की नावांचा पाऊस पडतो. उबुंटू, मिंट, फेडोरा, डेबियन, आर्च! ज्याच्या तोंडी जे नाव तेच त्याच्या मते सर्वश्रेष्ठ, आणि विचारणारा बिचारा आला होता त्याहून अधिक गोंधळून घरी जातो. वास्तविक ही निवड एवढी अवघड नाही. परंतु ती प्रणालीच्या रूपावरून न करता आपण तिला कोणते काम सोपविणार आहोत यावरून केली पाहिजे.

लॅपटॉपात गणिते करणारा प्रोसेसर असतो, काम चालू असताना लागणारी तात्पुरती स्मृती म्हणजे रॅम असते, कायमचा साठा ठेवणारी डिस्क असते; शिवाय कळफलक, पडदा, वायफाय ही मंडळी आहेतच. हे सारे घटक आपापल्या परी मुके आहेत. कोणत्या कार्यक्रमाने कधी प्रोसेसर वापरावा, लिहिलेले पत्र डिस्कवर कोठे ठेवावे, छपाईयंत्राशी कोणी बोलावे, याची व्यवस्था लावणारा जो मूळ कारभारी कार्यक्रम, तीच कार्यप्रणाली. विंडोज ही अशी एक आहे. ती यंत्राबरोबर येते म्हणून पुष्कळांना ती यंत्राचाच अवयव वाटते. पण तसे नाही.

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत असे म्हणतात. येथे ती म्हण अर्धीच खरी आहे. एका डिस्कवर दोन प्रणाली सुखाने राहतात. मात्र एका वेळी त्यांतील एकच जागी असते. यंत्र सुरू होताच बूट लोडर नावाचा एक लहानसा कार्यक्रम पडद्यावर यादी मांडून विचारतो की, आज कोणाकडे जावयाचे? लिनक्सच्या घराण्यात या द्वारपालाचे नाव बहुधा ग्रब असे असते. जुन्या वाड्यातील दोन बिऱ्हाडांसारखीच ही व्यवस्था आहे. दिंडीदरवाजा एक, चुली दोन, आणि मधली भिंत कोठे घालावयाची ते आधी ठरवावे लागते. ज्यांच्या यंत्रात सोळा जीबी किंवा अधिक रॅम आहे त्यांना व्हर्च्युअलबॉक्ससारख्या साधनाने एका प्रणालीच्या पोटात दुसरी चालविता येते आणि भिंत घालण्याचा प्रसंगच येत नाही. चार जीबीच्या जुन्या यंत्रावर मात्र हा प्रयोग म्हणजे आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास!

विंडोज ठेवावयाची कशासाठी, असे उत्साही तरुण विचारतात. त्यांना घरोघरची कामे ठाऊक नसतात. दुकानाचा हिशेब टॅलीत असतो, आणि टॅली विंडोजवर चालते. छापखान्यातले जुने काम श्रीलिपीसारख्या साधनांत केलेले असते. हा मुद्दा मराठी माणसाच्या विशेष जिव्हाळ्याचा असल्याने थोडा थांबून सांगतो. युनिकोड रूढ होण्यापूर्वी देवनागरी अक्षरे संगणकात देवनागरी म्हणून साठविलीच जात नसत. रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी आकार चढविलेले असत. तो विशिष्ट फाँट यंत्रात असेल तोपर्यंत मजकूर मराठी दिसतो. फाँट गेला की त्याच पानावर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. आमच्या परिचयाचे एक मुद्रक आहेत. त्यांच्याकडे वीस वर्षांच्या लग्नपत्रिका, अहवाल आणि दोन तालुक्यांची स्मरणिका अशा स्थितीत आहेत. त्यांनी उद्या विंडोज पुसून टाकली तर तो सगळा संग्रह असून नसल्यासारखा होईल. अशा कामासाठी जुनी प्रणाली घरात असणेच इष्ट.

पण तिला आता बाजारात पाठवू नये. देखभाल थांबली याचा अर्थ असा की, तिच्यात यापुढे जी भोके सापडतील ती बुजविण्यास कोणी येणार नाही. तेव्हा कामाची वाटणी आपोआप ठरते. हिशेब, जुने मुद्रण, जपून ठेवलेली जुनी कामे ही विंडोजकडे, आणि तीही शक्यतो इंटरनेट तोडून. बँक, पत्रव्यवहार, वीजबिल, मुलांशी बोलणे, म्हणजे जे जे रस्त्याकडेचे, ते दुसऱ्या प्रणालीकडे. दुसरे बिऱ्हाड ओटीवर राहणार आहे हे एकदा ध्यानात घेतले की त्याच्याविषयी पहिला प्रश्न कोणता विचारावयाचा तेही ठरते. ते किती देखणे आहे हे मागाहून पाहता येईल. त्याची देखभाल कोण करतो आणि किती वर्षे करणार, हे आधी विचारावे.

येथे थोडा वंशवृत्तान्त सांगणे प्राप्त आहे. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू नावाचा प्रकल्प जाहीर केला. कोणीही वापरावी, उघडून पाहावी, बदलावी आणि दुसऱ्यास द्यावी अशी संपूर्ण मुक्त प्रणाली घडविणे हा त्याचा हेतू होता. साधने पुष्कळ तयार झाली; गाभा तेवढा राहिला होता. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या घरच्या संगणकासाठी असा एक गाभा लिहिण्यास घेतला आणि पुढच्या वर्षी तो ग्नूच्याच मुक्त परवान्याखाली सर्वांना खुला केला. हाच लिनक्स. गाभा, साधने, खिडक्यांची मांडणी आणि नित्याचे कार्यक्रम एकत्र बांधून जी तयार शिदोरी मिळते तिला वितरण म्हणतात. परवाना मुक्त असल्याने कोणीही आपली शिदोरी बांधू शकतो. म्हणून नावे एवढी. आपल्याकडे सी-डॅकनेही डेबियनच्या आधाराने बॉस हे वितरण काढले, आणि केरळच्या शाळांतून मुले वर्षानुवर्षे लिनक्सवरच संगणक शिकत आली आहेत.

नावे पुष्कळ असली तरी घराणी थोडी आहेत. डेबियन १९९३ मधली. तिच्यापासून २००४ मध्ये उबुंटू निघाली. उबुंटूपासून २००६ मध्ये मिंट. आजी, आई आणि नात म्हणा. काही वर्षे उबुंटूची कंपनी तबकड्या टपालाने जगभर फुकट पाठवीत असे, आणि आपल्याकडच्या कित्येक विद्यार्थ्यांची लिनक्सशी पहिली भेट पोस्टमननेच घडविली. दुसरे घराणे रेड हॅटचे. फेडोरा ही त्यातली. आर्च स्वतंत्र आहे, २००२ मधली. याखेरीज बर्कली विद्यापीठाच्या परंपरेतील फ्रीबीएसडी आहे. ती सर्व्हरवर नावाजलेली आहे, परंतु लॅपटॉपच्या वायफायशी तिचे नेहमीच जमते असे नाही, म्हणून घरगुती वापरास आम्ही ती सुचवीत नाही. ॲपलची मॅकओएस दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर बसविण्यास तिचा परवानाच आडवा येतो. गुगलची क्रोमओएस फ्लेक्स जुन्या यंत्रांना मानवते. पण ती शेजारी म्हणून राहावयास तयार नाही, सारी डिस्क तिलाच लागते. आपल्या प्रश्नापुरती तीही बाद.

आता देखभालीच्या मुदती पाहू. उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती दर सम वर्षी एप्रिलमध्ये निघते आणि तिला पाच वर्षे सुधारणा मिळतात. मधल्या आवृत्त्यांना मात्र नऊच महिने. पुष्कळ जण 'सर्वांत नवीन ती चांगली' अशा समजुतीने मधली आवृत्ती उचलतात आणि वर्षाच्या आत पुन्हा आमच्या दारी येतात. मिंट दीर्घ मुदतीच्या उबुंटूवरच उभी असते. तिच्या २२ या मालिकेची देखभाल २०२९ पर्यंत आहे. डेबियनच्या आवृत्त्या साधारण दोन वर्षांनी येतात आणि वाढीव देखभाल धरून पाच वर्षे चालतात. फेडोरा दर सहा महिन्यांनी नवी निघते आणि तिची मुदत सुमारे तेरा महिन्यांची. नवीनतम यंत्रसामग्री असेल तर फेडोरा उत्तम, पण वर्षाला एकदा तरी घर आवरण्याची तयारी हवी. आर्चमध्ये आवृत्त्या नाहीतच. सुधारणा अखंड वाहत असतात. संगणकाचा अभ्यास करणाऱ्या मुलाने ती अवश्य घ्यावी, पुष्कळ शिकेल. ज्याला उद्या सकाळी दहा वाजता बँकेचे काम करावयाचे आहे त्याने तिच्या वाटेस जाऊ नये.

वेगाविषयी एक भ्रम दूर केला पाहिजे. लिनक्स घातले की जुने यंत्र घोड्यासारखे धावते असे सांगतात. मिंटची एक्सएफसीई ही मांडणी अंगाने हलकी आहे आणि चार जीबीच्या यंत्रावर ती सुसह्य चालते, हे खरे. पण ब्राउझर कोठल्याही प्रणालीवर उघडला तरी रॅम खावयाची ती खातोच. जुन्या यंत्रातील फिरती हार्ड डिस्क काढून तेथे एसएसडी घातली तर जो फरक पडतो तो बहुधा कोणत्याही वितरणाने पडत नाही. पैसे खर्च करावयाचेच असतील तर आधी तेथे करावेत.

मराठीचे काय, हा प्रश्न आम्हांला सभेत नेहमी येतो. त्याचे उत्तर समाधानकारक आहे. इन्स्क्रिप्ट कळफलक दोन्हीकडे तोच असतो; स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. एकदा हात बसला की प्रणाली बदलल्याने बिघडत नाही. ज्यांना उच्चाराप्रमाणे रोमन कळांवरून लिहावयाचे असते त्यांचीही सोय आहे. देवनागरी फाँट मिळतात. रेड हॅटने मुक्त केलेला लोहित हा त्यांतलाच. लिबरऑफिससारख्या कार्यक्रमांचे मेनूही स्वयंसेवकांनी मराठीत आणले आहेत. आम्ही स्वतः मात्र मेनू इंग्रजीतच ठेवतो. भाषांतर कोठे कोठे अर्धवट आहे हे एक कारण. आणि अडल्यावर मदत पाहावी तर ती बहुतेक इंग्रजी नावांनीच सापडते, हे दुसरे.

अडल्यावर विचारावयाचे कोणाला, ही गोष्ट आम्ही मुदतीच्या खालोखाल मानतो. आपल्या आळीतला एखादा मुलगा किंवा कार्यालयातला सहकारी जर फेडोरा वापरीत असेल आणि रविवारी येऊन बसण्यास राजी असेल, तर आमचा मिंटचा आग्रह खुशाल बाजूस ठेवावा. असे कोणी नसेल तर जुन्या यंत्रास मिंट, आणि आठ जीबी किंवा अधिक रॅम असलेल्या यंत्रास मिंट किंवा दीर्घ मुदतीची उबुंटू, असा आमचा कौल आहे.

तरीही लगेच बसवू नये. या वितरणांची एक सोय अशी की, ती पेनड्राइव्हवरून, डिस्कला हात न लावता चालवून पाहता येतात. आठ जीबीचा पेनड्राइव्ह पुरे. त्यावरचे आधीचे सारे पुसले जाते एवढे लक्षात ठेवावे. वितरणाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून प्रतिमा उतरवून रूफससारख्या साधनाने ती पेनड्राइव्हवर लिहावी आणि यंत्र त्यावरून सुरू करावे. मग वायफाय लागते का, आवाज येतो का, पडद्याचा उजेड कमीजास्त होतो का, झाकण मिटून उघडले की यंत्र जागे होते का, आणि घरचे छपाईयंत्र ओळखले जाते का, हे पाहावे. चालावयास थोडे मंद वाटेल, ते पेनड्राइव्हमुळे. दोन दिवस असे काढावेत. वायफाय येथे लागले नाही तर बसविल्यावर आपोआप लागेल अशी आशा धरू नये. दुसरे वितरण चालवून पाहावे.

यानंतर भिंतीचे काम, आणि येथे आम्हांला आमची एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या वडिलांनी १९९६ साली, आम्ही फार मागे लागलो म्हणून, तीन कॅसेटींवर आपल्या लहानपणच्या आठवणी सांगून ठेवल्या होत्या. ते गेल्यानंतर, २००८ मध्ये, आम्ही त्या संगणकात उतरवून घेतल्या. कॅसेटी माळ्यावर गेल्या. पुढच्या वर्षी एका मित्राकडून तबकडी मिळाली आणि आम्ही दुसरी प्रणाली बसविण्यास बसलो. बसविणाऱ्या कार्यक्रमाने विचारले, शेजारी जागा करू की सबंध डिस्क घेऊ? प्रश्न स्पष्ट होता. पुढे जाण्याची घाई आमची होती. आम्ही सबंध डिस्कवर खूण केली. वीस मिनिटांनी नवी प्रणाली फार सुरेख दिसत होती, आणि वडिलांचा आवाज कोठेही नव्हता. माळ्यावरच्या कॅसेटींना पावसाळ्यात बुरशी आली होती. तीन कॅसेटींच्या सहा बाजू. त्यांतली एक बाजू वाजली. तीत ते विहिरीत पोहावयास कसे शिकले ते सांगतात, आणि मध्येच कोणाला तरी चहा ठेवावयास सांगतात. बाकीच्या पाच बाजूंत काय होते ते आम्हांला तुकड्यातुकड्यांनी आठवते, आणि आमच्या बहिणीला ते निराळेच आठवते.

तेव्हा नक्कल आधी. ती बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, ती डिस्क यंत्रापासून सोडवून दुसऱ्या खोलीत ठेवावी, आणि सोडविण्यापूर्वी त्या नकलेतील चारदोन छायाचित्रे, एखादे पत्र, एखादे ध्वनिमुद्रण दुसऱ्याच यंत्रावर उघडून पाहावे. न उघडून पाहिलेली नक्कल ही नक्कल धरू नये. मगच विंडोजच्या स्वतःच्या डिस्क मॅनेजमेंट या साधनाने तिची जागा आक्रसून घ्यावी. मोकळी जागा पन्नास-साठ जीबी असली म्हणजे पुष्कळ झाली; पंचवीसच्या खाली जाऊ नये. नवी प्रणाली बसविताना तेवढी मोकळी जागाच दाखवावी, आणि शेवटचे बटन दाबण्यापूर्वी पडद्यावरील वाक्य मोठ्याने वाचावे. घरातले दुसरे कोणी ऐकत असेल तर अधिक चांगले.

दोन-तीन कुलपेही पाहावी लागतात. कित्येक यंत्रांवर विंडोजने डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद केलेली असते आणि मालकास त्याचा पत्ताही नसतो. सुरू होण्याच्या क्रमात फरक दिसला की ती अठ्ठेचाळीस अंकी किल्ली मागते. ती मायक्रोसॉफ्टच्या आपल्या खात्यातून काढून कागदावर लिहून ठेवावी. यंत्रातच लिहून ठेवण्यात अर्थ नाही हे सांगावयास नको, पण तसे करणारे आम्ही पाहिले आहेत. विंडोजचा फास्ट स्टार्टअप बंद करावा. तो चालू असला म्हणजे यंत्र 'बंद' केले तरी विंडोज अर्धवट झोपेतच राहते, आणि लिनक्सला तिच्या कप्प्यात लिहू देणे सुरक्षित नसते. सिक्युअर बूट मात्र बंद करण्याची सहसा गरज नाही. उबुंटू, मिंट, फेडोरा आणि डेबियन या चौघींजवळ दारातून जाण्याची सही असते. कधी कधी शेजारी भांडतातही. १३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोजच्या सुधारणेनंतर अनेक जोडयंत्रांवर लिनक्स सुरूच होईना, आणि ते पुरते निस्तरावयास मे २०२५ उजाडला. ज्यांच्याजवळ तो मूळचा पेनड्राइव्ह जपून ठेवलेला होता ते त्यावरून यंत्र सुरू करून आपले काम करू शकले.

सगळे यथास्थित झाल्यावर दोन-चार दिवसांनी पुष्कळदा एक तक्रार येते. विंडोज उघडली की घड्याळ साडेपाच तास मागे! यंत्राच्या पोटात एका लहान बॅटरीवर चालणारे घड्याळ असते. विंडोज समजते की ते स्थानिक वेळ दाखविते; लिनक्स त्यात जागतिक वेळ भरून ठेवते आणि भारताचे साडेपाच तास स्वतः मिळविते. भिंतीवर दुपारचे बारा वाजलेले असताना विंडोज सकाळचे साडेसहा दाखविते ते यामुळे. दोघींपैकी कोणीच चुकलेले नसते. लिनक्सला एका ओळीची आज्ञा देऊन हे घड्याळ स्थानिक वेळेचे समजावयास सांगितले की वाद मिटतो. आमच्या घरी हा प्रकार प्रथम घडला तेव्हा हे ठाऊक नव्हते. आम्ही यंत्र उघडवून आत नवी बॅटरी बसवून घेतली, आणि संध्याकाळी घरी येऊन पाहतो तो घड्याळ पुन्हा साडेपाच तास मागे. बॅटरी चांगली निघाली. ती अजून चालते आहे.